सातवं बटण

फोन आला तेव्हा डेलिओ पालोमार हिरवा रंग निवडत बसला होता. डायलिसिसच्या वेबसाइटवर महिन्याचं कॅलेंडर होतं. ज्या दिवशी खुर्ची रिकामी तो चौकोन हिरवा, ज्या दिवशी सगळ्या भरलेल्या तो लाल. हिरवा फार मरगळलेला दिसतो, असं ऑफिसच्या मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं. शुक्रवार होता, साडेअकरा झाले होते.

"डेल, घरी ये," शेजारची फ्लोराताई, इथल्या बोलीत मनांग फ्लोरा, म्हणाली. "पर्लिता उठत नाहीये."

"झोपली असेल. पाय दुखत होते तिचे."

"नाही रे बाबा. मी हात लावून बघितला. तू ये."

डेलिओ उठला, पुन्हा बसला, निवडलेला हिरवा सेव्ह केला आणि मग निघाला. सेव्ह कशाला केला, हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही.

पर्लिता त्याची बायको. साखरेने आठ वर्षांपूर्वी तिचे डोळे नेले आणि तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी ती केंद्रात चार-चार तास खुर्चीत बसायची, हातात दोन सुया टोचून घेऊन. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या तीन केंद्रांच्या खुर्च्या एकाच वेबसाइटवरून मिळायच्या आणि ती वेबसाइट डेलिओने बांधलेली होती. नियम साधा होता. दर बुधवारी दुपारी बाराच्या आत 'मागच्या आठवड्यासारखंच' हे बटण दाबायचं, म्हणजे पुढचे दोन दिवस पक्के. न दाबणाऱ्याची खुर्ची वाट बघणाऱ्याला जायची.

मरणाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दोघं केंद्रात पोचले तेव्हा यादीत पर्लिताचं नाव नव्हतं. नर्सने कॉम्प्युटरचा पडदा डेलिओकडे फिरवला. तिच्या नावापुढे लिहिलं होतं: रुग्णाने स्वतः रद्द केलं, बुधवार, दहा वाजून चार मिनिटं.

"मी माझं दाबलं होतं," पर्लिता म्हणाली. "बाई 'झालं' म्हणाली." बाई म्हणजे तिच्या फोनमधला आवाज. पडद्यावर बोट जिथे असेल तिथलं तो वाचून दाखवायचा. तुझ्यापेक्षा ती बाई बरी, ती ओरडत तरी नाही, असं पर्लिता डेलिओला म्हणायची.

"मग रद्द कुणी केलं? मांजराने?"

"मी दाबलं, डेल."

"इथे वेळ लिहिलीये."

दोघांच्या मागे आणखी माणसं खोळंबली होती. नर्स म्हणाली, "शनिवारी पहाटेच या मनांग, कुणी आलं नाही तर तुम्हाला बसवते. तोवर पाणी अगदी कमी."

जीपनीतून, म्हणजे सगळ्यांच्या भाड्याच्या लांब जीपमधून, उतरल्यावर डेलिओला राहवलं नाही. डिसेंबरात एकदा पर्लिता म्हणाली होती की या सुयांचा आता वीट आलाय, एखाद्या दिवशी मी जाणारच नाही. ते त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"थकली असशील तर तसं सांग," तो म्हणाला. "पण माझ्याशी खोटं बोलू नकोस."

जीपनीच्या थांब्यापासून दारापर्यंत बेचाळीस पावलं होती. ती रोज पुटपुटत मोजायची. त्या दिवशी तिने तोंडातून आवाज काढला नाही आणि दारापाशी बरोबर थांबली. दोघांचं धड बोलणं म्हणायचं तर तेवढंच शेवटचं. सकाळी तो निघाला तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसून बर्फाचा खडा चोखत होती. पाण्याऐवजी दिवसाला आठ खडे, असं तिचं गणित होतं. "हा दुसरा," ती म्हणाली. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

*

शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली. घरात मयत असेपर्यंत झाडू मारायचा नसतो, म्हणून येणाऱ्यांनी सोललेल्या शेंगांची टरफलं फरशीवर तशीच पडली होती आणि चालताना पायाखाली कुरकुरत होती. पर्लिताची थोरली बहीण साल्वा गिमारासहून होडीने आली होती. कॉफी, बिस्किटं, जपमाळ, सगळं तिच्या हातात होतं. शनिवारी दुपारी तिने डेलिओला मोरीपाशी गाठलं.

"खरं सांग मला. तिने स्वतःहून सोडलं का?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"केंद्रातल्या बाया आल्या होत्या, त्या आपसात बोलत होत्या. नाव तिनेच काढलं म्हणे. पाद्रेला काय सांगू मी? नऊ दिवस प्रार्थना करायची ती कशासाठी करायची, ते तरी कळू दे."

"ती नाही म्हणाली होती, मनांग."

"आणि तू?"

"मी तिला खोटारडी म्हटलं."

साल्वाने तोंडावर हात ठेवला आणि ती आत गेली.

डेलिओला आता एवढं एकच कळून घ्यायचं होतं. पर्लिताने नाव काढलं की नाही? काढलं असेल तर आपण तिच्या शेजारी झोपूनही तिला ओळखलं नाही. नसेल काढलं तर आपण तिला शेवटचं वाक्य काय बोललो! दोन्हींपैकी एक धरून जगायचं होतं आणि कुठलंही धरवत नव्हतं.

रविवारी दुपारी मनोंग, म्हणजे दादा, इसिद्रो आले. पस्तीस वर्षं मालिश करून माणसांची अंगं सरळ करणारा हा आंधळा म्हातारा आता पर्लितासारखाच सोमवार-गुरुवारवाला होता. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी. मुलीचा हात सोडून त्यांनी शवपेटी वरपासून खालपर्यंत चाचपली.

"चांगली गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "पर्लिता, तुझ्या स्वभावापेक्षा पुष्कळ गुळगुळीत."

भोवतालची माणसं हसली. डेलिओने त्यांना खुर्ची दिली, हातात कॉफी दिली.

"गुरुवारी माझंही नाव उडालं होतं रे," इसिद्रो म्हणाले. "या माझ्या पोरीने काउंटरवर असा दंगा घातला, की त्यांनी मला जेवणाच्या खोलीत मशीन आणून बसवलं. पर्लिताला असली मुलगी नव्हती, नाहीतर..."

"तुमचंही?" डेलिओ म्हणाला. "तुम्ही दाबलं नव्हतं?"

"दाबलं की. सातवं."

"सातवं काय?"

"सातवं म्हणजे सातवं. बोट उजवीकडे सात वेळा सरकवायचं, मग दोनदा टिचकी मारायची. तुझ्या बायकोनेच शिकवलं. आम्हा अकराही जणांना तिनेच शिकवलं."

"पण मनोंग, बटणाचं नाव सांगतो ना तो आवाज?"

"सांगतो तर! 'बटण' म्हणतो. त्याच्या आधीचं असतं तेही बटण आणि नंतरचं तेही बटण. नावं ठेवताना कंटाळा आला होता वाटतं बनवणाऱ्या बापाला." इसिद्रो मोठ्याने हसले. मग त्यांना समोरून काहीच ऐकू आलं नाही, म्हणून थांबले. "डेल? आहेस ना?"

डेलिओ होता तिथेच होता. गेल्या मंगळवारी, फिएस्टा म्हणजे गावजत्रा जवळ आली म्हणून, त्याने मॅडमच्या सांगण्यावरून पानाच्या माथ्यावर शुभेच्छांचा बॅनर लावला होता. ढोल वाजवणारा, अंगाला काळं फासलेला नाचऱ्या आणि खाली 'सुट्ट्यांच्या वेळा पाहा'. त्या बॅनरने पानावर बोटाचा एक थांबा वाढला. जे सहावं होतं ते सातवं झालं.

आणि सहावं होतं ते रद्द करण्याचं.

दोन्ही बटणं नुसती चित्रं होती. एक लाल फुली, एक वळलेला बाण. डोळसाला बघताक्षणी कळत होतं, म्हणून त्यांच्यामागे नाव लिहायचं राहून गेलं होतं. आणि कुठलंही दाबलं तरी खाली एकच ओळ यायची, त्यानेच लिहिलेली: तुमचं काम झालं.

दोन वर्षांपूर्वी 'सर्वांसाठी खुली वेबसाइट' म्हणून शहराने त्याला मानचिन्ह दिलं होतं. ते पेटीच्या मागे कपाटावर होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने पर्लिताला फोन देऊन शेजारी बसवलं होतं. अर्ध्या तासाने विचारलं, जमलं का? ती म्हणाली, जमलं. तो इतका खूश झाला, की बाहेर जाऊन तिच्यासाठी नवीन ब्लाउज घेऊन आला. कसं जमलं, ते त्याने विचारलं नाही. ती पावलं मोजायची, बर्फाचे खडे मोजायची, जीपनीची वळणं मोजायची. तिच्या लेखी मोजणं म्हणजेच जमणं.

तो उठला आणि साल्वाला स्वयंपाकघरात गाठून त्याने सगळं सांगितलं. बॅनर, फुली, बाण, सहा, सात. तिला वेबसाइटमधलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

"म्हणजे तिने सोडलं नव्हतं."

"नाही. तिने रोजचंच दाबलं. मी बोटाखालून ते सरकवलं."

साल्वाने गॅस बंद केला. रडून झाल्यावर ती म्हणाली, "मग मला काय सांगतोस? तिला सांग. अजून घरातच आहे ती."

डेलिओ पेटीपाशी जाऊन उभा राहिला. माणसं बघत होती. त्याने पेटीवर हात ठेवला आणि न सांगताच मागे फिरला.

*

बुधवार तीन दिवसांवर होता. अकरा माणसं पुन्हा सातवं दाबणार होती.

सोमवारी सकाळी तो शर्टाला काळी पट्टी लावून ऑफिसात गेला. मॅडम आर्सेल उठून उभ्या राहिल्या. "तू कशाला आलास? उद्या माती आहे ना?"

"दोन बटणांना नावं द्यायचीयेत. आणि बॅनर काढायचाय."

त्याने कारण सांगितलं. मॅडम हळूहळू खाली बसल्या.

"डेल, तू आत्ता दुःखात आहेस. माणूस अशा वेळी स्वतःला दोष देतो."

"दोष नाही देत. मोजून दाखवतो."

"हे बघ. गेल्या फिएस्टात तू असंच काहीतरी बदललंस आणि तिन्ही केंद्रं दोन दिवस बंद पडली. साडेसहाशे माणसं. फिएस्टा संपेपर्यंत आत हात घालायचा नाही, हे आपलं दोघांचंच ठरलंय. बॅनरचे पैसे बिस्किटवाल्यांनी दिलेत, तो रविवारपर्यंत राहणार. तुझी माणसं किती, अकरा? फोन कर त्यांना."

"फोन करून काय सांगू?"

"सातऐवजी आठ."

तो ऑफिसच्या जिन्यावर बसला आणि त्याने अकरा फोन केले. मी पर्लिताचा नवरा. बुधवारी आठवं दाबा. सात नाही, आठ. प्रत्येक जण आधी पर्लितासाठी हळहळायचा, कुणी गेल्या आठवड्यात आपलंही नाव उडालं होतं आणि रिकाम्या खुर्चीवर कसंबसं निभावलं ते सांगायचा, मग आकडा पाठ म्हणून दाखवायचा. ओटोनची मनांग एस्टर म्हणाली, "आठ का रे? ती सात म्हणायची. तिने सांगितलेलं मी मोडणार नाही." तिला पटवायला वीस मिनिटं लागली. आपण काय करतोय हे डेलिओला पुरतं कळत होतं. वेबसाइट बांधणारा माणूस जिन्यावर बसून माणसांना आकडे पाठ करायला लावत होता.

मंगळवारी दहा वाजता माती झाली. पेटी खाली गेली, साल्वाने फुलं टाकली. लोक पांगायला लागले तेव्हा मॅडम आर्सेल पुढे आल्या, त्यांनी डेलिओचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"मी काढला तो," त्या म्हणाल्या. "बॅनर. आज सकाळीच. बिस्किटवाल्यांना काय वाटायचं ते वाटू दे. तुझ्यासाठी काढला, डेल."

डेलिओ त्यांच्याकडे बघत राहिला. बॅनर गेला. म्हणजे आठवं पुन्हा सातवं झालं. आता आठवं म्हणजे बाहेर पडायचं बटण. उद्या अकरा जण आठवं दाबतील, आवाज काहीतरी म्हणेल, ते निश्चिंत होतील आणि बारा वाजता अकराही खुर्च्या जातील.

त्याने हात सोडवला आणि खिशातून फोन काढला.

"इथे?" साल्वा ओरडली. "अरे, तिच्यावर अजून माती पडतेय! काय माणूस आहेस तू?"

"मनोंग, मी डेल," तो फोनमध्ये म्हणत होता. "आठ नाही. सात. परत सात. हो, कालच सांगितलं होतं, चुकलं माझं. सात."

खोदणाऱ्या माणसांनी फावडी थांबवली. मॅडमना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. तीन फोन झाल्यावर मनांग एस्टर लागली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या दोघांपैकी शहाणी तीच होती. मी कुठलंच दाबत नाही जा. मरते मी."

"मनांग, असं करू नका. सात दाबा."

"उद्या परत नऊ म्हणशील."

तिचं खरंच होतं. त्याने फोन बंद केला आणि मॅडमना म्हणाला, "मी आत्ता ऑफिसात जातोय. नावं घालतो. बंद पडलं तर मला काढून टाका."

मॅडमनी पर्समधून ऑफिसची किल्ली काढून दिली.

मातीवरून सरळ घरी जायचं नसतं, नाहीतर मयताचा जीव मागोमाग घरी येतो. वाटेत कुठेतरी थांबायचं, मग घर. बाकीची मंडळी ला पाझच्या बाजारात बाचोय, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, खायला गेली. डेलिओ थांबला तो ऑफिसात. बुटांना लागलेली कबरस्तानाची ओली माती त्याने पायपुसण्यावर पुसली आणि तो बसला.

फुलीमागे त्याने लिहिलं: या आठवड्याची वेळ रद्द करा. बाणामागे लिहिलं: मागच्या आठवड्यासारखंच. 'झालं' ही ओळ काढून दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. सगळं मिळून पंचवीस मिनिटांचं काम. दोन वर्षं राहिलेलं काम पंचवीस मिनिटांचं निघालं, तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून पहिल्यांदा रडला.

मग त्याने पर्लिताचा फोन काढला, स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि बोट सरकवलं. बाई बोलली आणि त्याला एक अक्षर कळलं नाही. पर्लिताने तिचा वेग एवढा वाढवून ठेवला होता, की तांदूळ सांडल्यासारखा आवाज येत होता. आठ वर्षं ती या वेगाने ऐकत होती आणि तो शेजारी बसून ते कुरकुरणं ऐकत जेवत होता. पुन्हा ऐकलं, पुन्हा. शेवटी रुमाल काढून त्याने वेग कमी केला. कमी केल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की तिचा आकडा किती होता तो आपण बघितलाच नाही. तो परत लावता येणार नव्हता.

सावकाश वेगात बाई म्हणाली, "मागच्या आठवड्यासारखंच. बटण."

संध्याकाळपर्यंत त्याने पुन्हा अकरा फोन केले. या वेळी आकडा सांगितला नाही. "मोजू नका. ऐका. नाव आलं की दाबा."

*

बुधवारी सकाळी तो इसिद्रोंच्या घरी जाऊन बसला. वेबसाइट बंद पडली नव्हती. इसिद्रोंनी फोन मांडीवर ठेवला.

"बोलू नकोस हं मध्ये," ते म्हणाले.

"नाही बोलत."

बोट सरकत गेलं. पाचव्यापाशी त्यांनी तोंडातल्या तोंडात 'पाच' म्हटलं, मग स्वतःलाच "गप रे" म्हणाले. सहाव्यापाशी बाई म्हणाली, "या आठवड्याची वेळ रद्द करा." इसिद्रोंचं बोट चटका बसल्यासारखं उचललं गेलं.

"हे होतं होय इथे," ते म्हणाले. "दोन वर्षं याच्या शेजारून जात होतो आम्ही."

सातव्यावर त्यांनी दोनदा टिचकी मारली. उद्याचा गुरुवार आणि पुढचा सोमवार पक्का झाल्याचं बाईने नीट सांगितलं. साडेअकरापर्यंत यादीत दहा नावं आली. अकरा वाजून एकावन्न मिनिटांनी मनांग एस्टरचं आलं.

डेलिओ उठायला लागला.

"थांब की," इसिद्रो म्हणाले. "आलाच आहेस तर ते कॅलेंडर पण दाखव. पोरीची पाळी बदललीये, पुढच्या महिन्यापासून मला गुरुवारऐवजी शुक्रवार हवाय. पर्लिताला विचारलं होतं मी. ती म्हणाली, तिकडे जाऊ नका मनोंग, तिथे मलाही जमत नाही."

"असं म्हणाली?"

"हो. म्हणाली, डेलला सांगू नका, फार मेहनत घेतलीये त्याने."

इसिद्रोंनी कॅलेंडर उघडलं. बाई म्हणाली, बटण. बटण. बटण. बोट सरकवावं तसं म्हणत गेली, एकतीस वेळा. हिरवा कुठला, लाल कुठला, कुठला शुक्रवार, काही नाही. शुक्रवारी बायको गेल्याचा फोन आला तेव्हा निवडलेला हिरवा तिथे अठरा चौकोनांत भरलेला डेलिओला दिसत होता.

"हे पंचवीस मिनिटांचं नाही, मनोंग," तो म्हणाला. "हे मोडून नव्याने बांधावं लागेल."

"बांध मग. मी कुठे पळतोय?"

घरी साल्वा सहाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी मेणबत्त्या लावत होती. टरफलं आता झाडून काढली होती. पाद्रेला तिने सगळं सांगितलं होतं. डेलिओ गुडघ्यांवर बसला आणि बाकीच्यांबरोबर म्हणायचं ते म्हणाला. ती रद्दची नोंद बदलण्यासाठी त्याने मॅडमना लेखी अर्ज दिला होता. जुनी नोंद कुणालाच पुसता येत नाही, असं उत्तर आलं होतं. तसं तेही त्यानेच बांधलं होतं.

कॅलेंडर अजून कानाने वाचता येत नाही. आणि पर्लिताच्या नावापुढे अजून 'रुग्णाने स्वतः रद्द केलं' असंच लिहिलेलं आहे.